निपचित पाण्यापलीकडचा दिवा

कारुलीनाला तिच्या आईचा दिवा परत आणायचा होता.

दिवा म्हणजे मऊ काळ्या दगडातून कोरलेलं, सुपाच्या आकाराचं उथळ भांडं. त्यात सीलची चरबी घालायची, कडेने शेवाळाची वात लावायची, की तंबूत ऊब येते आणि वर टांगलेलं पातेलं उकळतं. हा दिवा पन्नासहून जास्त वर्षं फियॉर्डच्या, म्हणजे कड्यांमध्ये खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, पार टोकाला पडून होता. तिथे तासियुसाक नावाची आतली खाडी आहे, आणि तिच्या पलीकडच्या काठावर कारुलीनाच्या घरच्यांचा जुना उन्हाळी तळ. तिकडे कोणी फिरकत नसे. एक तर हिमनदीने टाकलेल्या बर्फाने खाडीचं तोंड बुजलेलं असायचं. दुसरं म्हणजे, तो दिवा आणायला गेलेला शेवटचा माणूस परत आला नव्हता. तो कारुलीनाचा थोरला भाऊ. त्याचं नाव नुका.

या उन्हाळ्यात बातमी आली, की तासियुसाकचं तोंड जरा मोकळं झालंय. मोटारबोट शिरणार नाही, पण वल्ह्याची अरुंद, हलकी होडी, म्हणजे कायाक, शिरेल. बर्फ आडवा आलाच तर उचलून पलीकडे ठेवता येईल. कारुलीनाने बातमी ऐकली, चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि ती तडक धक्क्यावर गेली. तिथे एक बाई उलट्या कायाकच्या पोटावरचे ओरखडे घासत बसली होती. पाहुण्यांना कायाकमधून फियॉर्ड फिरवून आणणं, वाटेत तंबू टाकून त्यांना खाऊपिऊ घालणं, आणि जिवंत परत आणणं, हा तिचा धंदा.

“दादा,” कारुलीना तिला म्हणाली, “दिवा आणायला चल.”

बाईचं नावही नुका. ग्रीनलंडच्या त्या किनाऱ्यावर गेलेल्या माणसाचं नाव पुढे जन्मलेल्या बाळाला देतात. मग ते बाळ मुलगा असो की मुलगी. आणि नुसतं नाव देत नाहीत, नावासकट सगळा गोतावळा गळ्यात घालतात. कारुलीनाचा भाऊ गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या घरात ही नुका जन्मली. बारा वर्षांची कारुलीना पाळण्याशी आली आणि बाळाला म्हणाली, “दादा, आलास?” तेव्हापासून ही तिचा दादा. आता दादाचे केस पांढरे झाले होते, दोन लेकी शहरात नांदत होत्या, तरी सहासष्ट वर्षांची धाकटी बहीण हक्काने दारात उभी राहायची आणि दादाला तिला नाही म्हणता यायचं नाही.

“कारू, तुझे गुडघे?”

“कायाकमध्ये बसायचंच असतं ना? यंदा मला बसता येतंय. पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं.”

“पीतारकला विचारलंस?”

“तो येतोय. त्याला अजून माहीत नाही.”

पीतारक हा कारुलीनाचा मुलगा. गावाच्या वीजघरात कामाला, चाळिशी उलटलेला, रुंद खांद्यांचा आणि भित्र्या मनाचा. संध्याकाळी तो नुकाकडे धावत आला. “मामा, तू तरी समजाव तिला.” तोही नात्याप्रमाणे नुकाला मामाच म्हणायचा. “दिव्यासाठी जीव घालवायचा का? माझ्याकडे तीन दिवे आहेत, बटणावर लागतात.”

“हे तिला सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग?”

पीतारकने गाल चोळला. “मग काय. कधी निघायचं?”

नुका हसली, पण आतून हसली नाही. तिचं एक गुपित होतं. या धंद्यात ते बाहेर पडलं, तर पुन्हा कोणी तिच्या भरवशावर माणसं सोडली नसती. नुकाला वादळाची भीती वाटत नव्हती. लाटांचीही नाही. तिला भीती वाटायची निपचित पाण्याची.

त्या किनाऱ्यावर हा आजार जुना आहे. वारा पडलेला, ऊन डोळ्यांवर, पाणी काचेसारखं. आभाळ कुठे संपलं आणि समुद्र कुठे सुरू झाला कळत नाही. अशा वेळी कायाकमध्ये एकटा बसलेला चांगला कसलेला शिकारी अचानक गारठतो. त्याला वाटतं, कायाक अरुंद होतेय, तिचं नाक वर आभाळात चढतंय, आणि हात जरा हलवला तर ती उलटणार. तो हात हलवत नाही. तसाच बसून राहतो, आणि शेवटी खरंच उलटतो. याला कायाकची घेरी म्हणतात. म्हणजे म्हणायची वेळ आली तर. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ज्याला ती लागते तो एके दिवशी गुपचूप कायाक विकतो, मासळीच्या कारखान्यात काम धरतो, आणि गाव त्याला कारण विचारत नाही. तेवढी लाज गाव राखतं.

नुकाला ती तीन उन्हाळ्यांपूर्वी पहिल्यांदा लागली होती. तेव्हापासून वारा पडला, की ती काठाकाठाने जायची, नाहीतर काहीतरी सामान दुरुस्त करत बसायची. पाहुण्यांना वाटायचं, बाई फार काळजी घेणारी आहे.

आणि तासियुसाकला आडोसा इतका होता, की तिथे वारा वाट चुकूनच यायचा.

नाही म्हणायचं एवढंच बाकी होतं. पण त्या पाण्याने जे नाव एकदा गिळलं, तेच नाव घेऊन आपण जन्मभर त्याच्या तोंडाशी जाऊन मागे वळतोय, या गोष्टीचा नुकाला गेली काही वर्षं रागही येऊ लागला होता. तिने ओरखडे घासून पूर्ण केले आणि कायाक सरळ केली.

निघायच्या सकाळी धक्क्यावर म्हातारा एनोक नेहमीच्या बाकावर बसला होता. हा कारुलीनाचा चुलतभाऊ, गेलेल्या नुकाहून थोडा लहान, तरुणपणी नावाजलेला शिकारी. पुढे जन्मभर कारखान्यात कॉड मासे कापले. आता त्याचं काम म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना नावं ठेवणं.

“दोन म्हाताऱ्या आणि एक फुगलेला मासा,” तो म्हणाला. “अस्वलांची चंगळ आहे.”

“अस्वलाने तुला हुंगून सोडलं असतं,” कारुलीना दोघांच्या जोडकायाकच्या पुढच्या भोकात उतरत म्हणाली. “म्हणून तुझा जळफळाट.”

“तिकडे कोणी जात नाही, कारुलीना.”

“आता जातंय.”

फियॉर्डच्या तोंडाशी पहिला टेंभा, म्हणजे समुद्रात घुसलेलं डोंगराचं टोक, ओलांडतानाच समुद्राने ओळख करून दिली. उघड्या दर्यावरून वारा सुटला होता. लाटा टेंभ्यावर आपटून उलट्या फिरत होत्या आणि दोन्हीकडून येणाऱ्या पाण्याची मधोमध गाठ पडत होती. जोडकायाकचं नाक वर जायचं, धाडकन खाली यायचं, आणि पुढे बसलेली कारुलीना छातीपर्यंत फेसात बुडून पुन्हा वर यायची. मागे पीतारक पिवळा पडला होता.

“मामा, परत फिरू या!”

“फिरलास तर आडवा होशील!” नुका ओरडली. “लाटेकडे नाक धर! वल्हं थांबवू नकोस! मार!”

तिची एकटीची कायाक त्या खळबळीत अशी चालली होती, जणू ओळखीच्या गल्लीतून चाललीय. डावीकडून लाट आली, ती कमरेतून कलली. उजवीकडून आली, वल्ह्याने टेकू दिला. तिच्या पांढऱ्या बटा कपाळाला चिकटल्या होत्या आणि ती चक्क गुणगुणत होती. तासाभराने तिघे टेंभ्याच्या आडोशाला आले, तेव्हा पीतारकने सकाळची न्याहारी समुद्राला परत केली.

“वाया घालवू नकोस रे,” आई पुढून म्हणाली. “गळ टाक. त्याच्यावर कॉड येतील.”

आणि खरंच, त्या संध्याकाळी कॉडच शिजला. ओढ्याच्या कडेला सपाट गवत बघून त्यांनी तंबू टाकले. मावळायचं नाव न घेणाऱ्या उजेडात, डासांना हाकलत, ते उकडलेला मासा, वाळवलेले इवलेसे मासे आणि हाताला लागलेली काळी बोरं खात बसले. समोर कडे सरळ पाण्यातून वर गेले होते. त्यांच्या खांद्यांवर जुना बर्फ शालीसारखा पडलेला, आणि मध्येच एखादा धबधबा, इतका लांब, की त्याचा आवाज यायचाच नाही.

“आम्ही तळ हलवला तो दिवस,” कारुलीनाने बोटं चाटत सुरुवात केली. पीतारकने डोळे मिटले. त्याने ही गोष्ट आईच्या पोटात असल्यापासून ऐकली होती. “सगळं सामान होडीत भरून खाडीच्या अलीकडच्या काठाला आलो. आई म्हणाली, दिवा राहिला. दादा म्हणाला, आणतो. वारा पडलेला. पाणी असं, की डास बसला तरी वलय उठावं. तो मधोमध गेला आणि थांबला. वल्हं आडवं धरून बसला. मी हाक मारायला तोंड उघडलं, आई म्हणाली, श्श. त्याला सील दिसलाय. हाक मारलीस तर पळेल.”

तिने हातावरचा डास मारला.

“आम्ही सगळे काठावर बसून होतो. सहा माणसं. कोणी खोकलंसुद्धा नाही. ऊन पाण्यावर आलं, डोळे दिपले. नंतर बघतो तर तिथे काही नाही.”

“झोप आता, आई,” पीतारक हळूच म्हणाला.

“शिकाऱ्याला हाक मारू नये, हे बरोबरच आहे,” कारुलीना नुकाकडे बघत म्हणाली. “पण तिथे सील नव्हता.”

नुका विस्तवात काटक्या सारत राहिली.

दुसऱ्या सकाळी वारा नव्हता. नुकाने आधी सामानाच्या कप्प्यांची झाकणं तपासली. मग कायाकमध्ये पाणी शिरू न देणाऱ्या, स्वतःच्या कमरेभोवतीच्या रबरी पडद्याची शिवण तपासली. मग पीतारकच्या. मग तिला कायाकच्या सुकाणूची दोरी सैल वाटली. पीतारकची तिसरी कॉफी झाली. कारुलीना दगडावर बसून हे बघत होती. अखेर पाण्यावर बारीक सुरकुती उठली, तशी नुका उभी राहिली. “चला, झालं.”

“झालं?” कारुलीना म्हणाली. “बरं झालं.”

त्या दिवशी बर्फ सुरू झाला. आधी मुठीएवढे तुकडे, मग टेबलाएवढे, मग घराएवढे. निळे, हिरवे, काही मळकट. त्यांच्या पोटात कोंडलेली हवा फुटत होती आणि सगळा फियॉर्ड तव्यावरच्या मिठासारखा तडतडत होता. मोठ्या हिमनगापासून लांब राहा, असं नुकाने शंभरदा बजावलं होतं. पण वाट अरुंद होती. एका चर्चएवढ्या हिमनगाजवळून जाताना तिला त्याच्या बुडाशी पाणी उकळल्यासारखं दिसलं.

“लांब! उलटतोय!”

हिमनग आधी कुरकुरला. मग त्याने सावकाश मान टाकली. मग एकदम वळला! पाण्याखालचं त्याचं निळंशार पोट वर आलं, त्यावरून धबधबे कोसळले, आणि गोल लाट उठून तिघांवर चालून आली. पीतारक या वेळी ओरडला नाही. त्याने नाक लाटेकडे धरलं आणि दात आवळून वल्हं मारलं. लाट आली. वर. आणखी वर. आणि खाली. मागून दोन लाटा आल्या, त्याही गेल्या.

“शिकलास की,” नुका म्हणाली.

“मामा,” पीतारक म्हणाला, “मला वीजघरातसुद्धा इतका झटका बसला नव्हता.”

तासियुसाकच्या तोंडाशी बर्फाची भिंतच होती. उतरायचं, कायाक ओढत न्यायची, पुन्हा पाण्यात टाकायची, चार वल्ही मारायची, की पुन्हा उतरायचं. एकदा पीतारकच्या पायाखालचा तुकडा कलला आणि तो कमरेपर्यंत आत गेला. दोघींनी त्याला जाकिटाच्या पट्ट्याला धरून ओढून काढलं. “लहानपणीही असाच होता,” आई धापा टाकत म्हणाली. “डबकं दिसलं की आत.” दिवस कलताना ते आतल्या काठावर तंबूत शिरले, तेव्हा कोणाच्या अंगात बोलायचंही त्राण नव्हतं.

सकाळी नुका बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

तासियुसाक समोर पसरली होती. पाणी नव्हतंच, दोन आभाळं होती, एकावर एक ठेवलेली. कडे वरही होते आणि खालीही होते. एक समुद्रपक्षी उडत गेला, तर त्याच्याखाली दुसरा उलटा उडत गेला. पलीकडे, हाकेच्या जरा पुढे, हिरवं गवत आणि दगडांची दोन गोल रिंगणं दिसत होती. जुना तळ. उजवीकडचा काठ म्हणजे हिमनदीची तुटकी भिंत. तिच्या पायथ्याशी कोणी शहाणं माणूस जात नाही. डावीकडे सरळ कडा, त्यावरून दगड सुटत होते. काठाने वाट नव्हती. जायचं तर मधून.

नुकाने झाकणं तपासली. शिवणी तपासल्या. ऊन वर आलं. सुरकुती उठली नाही.

पीतारक खडकावर चढून मागे बघून आला. “मामा, भरती लागलीये. बर्फ आत सरकतोय. दुपारपर्यंत तोंड बंद होईल असं दिसतंय. जायचं तर आत्ता, नाहीतर दिव्याचा नाद सोडून परत.”

 कारुलीनाने पलीकडे बघितलं आणि मग नुकाकडे. नुकाला कळलं, की आपण ‘परत’ म्हणालो तर ही एका शब्दाने विचारणार नाही. लाज राखेल. सगळ्यांनी एकमेकांची राखली तशी.

“आत्ता,” नुका म्हणाली.

पहिली काही वल्ही ठीक गेली. ती फक्त वल्ह्याच्या पात्याकडे बघत होती. पातं बुडतं, दोन भोवरे उठतात, मागे जातात. पातं बुडतं, दोन भोवरे. मग ऊन पाण्यावरून उसळून थेट डोळ्यांत आलं आणि भोवरे दिसेनासे झाले.

कायाक बारीक झाली. आधी मांड्यांपाशी, मग कमरेपाशी. थंडी पोटातून वर चढली. समोरचं नाक हळूहळू उचलायला लागलं, आभाळाकडे. खालीही आभाळच होतं. नुकाने वल्हं आडवं धरलं. आता श्वाससुद्धा जपून घ्यायला हवा. एक बरगडी जास्त हलली, की संपलं. तिला माहीत होतं, हे खोटं आहे. पाणी सपाट आहे, नाक जागेवर आहे. सगळं माहीत होतं. हात हलत नव्हता.

मागून दुरून पीतारकची कुजबुज आली. “आई, मामा थांबली.” आणि मग, “श्श. सील दिसला असेल तिला.”

 आणि मग त्या खाडीत इतक्या वर्षांत झाला नसेल असा आवाज झाला.

“सील नाही तिथे!” कारुलीना किंचाळली. “मेल्या, सील नाही! वल्हं मार! दादा! ए दादा! नुका!”

वल्हं पाण्यावर फाडकन आपटलं. पुन्हा. पुन्हा. “दादा, इकडे बघू नकोस, माझं ऐक! माझी सुरी तू घेतलीस! मासे सोलायची, लहान मुठीची! परत देतो म्हणालास! कुठेय माझी सुरी? पीतारक, ओरड!”

“काय ओरडू?”

“काहीही!”

“मामा!” पीतारक ओरडला. त्याला दुसरं काही सुचलं नाही. “मामा, कॉफी संपली! सगळी मी प्यायलो! साखरही संपली!” आणि त्याने पुढ्यातल्या पिशवीतून वाळवलेले मासे काढले आणि मूठमूठ भिरकावायला सुरुवात केली. मासे नुकाच्या भोवती टपटप पडले. जिथे पडले, तिथे वलयं उठली. वलयांना वलयं भिडली. आरसा फुटला.

नुकाच्या कानात एक दोरा आला. बारीक, पण धरण्याजोगा. सुरी. कॉफी. सुरी. तिने त्याला मनाने धरलं. आणि तेवढ्यात जोडकायाक येऊन तिच्या कुशीवर धाडकन आदळली. कारुलीनाने तिच्या कायाकची दोरी पकडली, दुसऱ्या हाताने पसाभर बर्फगार पाणी तिच्या तोंडावर मारलं आणि कायाकच्या पाठीवर थापट्या मारायला लागली, रडणाऱ्या पोराच्या पाठीवर माराव्यात तशा. जरा जास्त जोरात.

“आहेस का?”

नुकाची जीभ सुटायला वेळ लागला. “आहे.”

“कुठे आहेस?”

“इथे. तासियुसाकमध्ये. कारू, मला... मला ती आहे. तीन वर्षं झाली.”

“माहीत आहे,” कारुलीना म्हणाली.  “झाकणं कोणी इतकी तपासत नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला गप्प बसवून ठेवलं होतं ना. आता नाही बसणार.”

उजवीकडे तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. हिमनदीच्या भिंतीचा एक मनोरा सुटला आणि उभाच्या उभा पाण्यात गेला.

“आई,” पीतारक म्हणाला, “तू फारच ओरडलीस.”

नुकाने लाट येताना बघितली. लाट! लांब, करडी, खरीखुरी लाट. वर कुठलं, खाली कुठलं हे ठणकावून सांगणारी. तिच्या हातात बळ आलं. “दोर सोड, कारू! पीतारक, नाक तिच्याकडे! माझ्या बाजूला राहा! आता मार!” लाटेने तिघांना उचललं, बर्फाच्या चुऱ्यासकट पुढे फेकलं. दुसरी आली, ती त्यांनी पाठीवर घेतली आणि तिच्याच जोरावर थेट पलीकडच्या गवताशी जाऊन घासत थांबले.

दिवा तिथेच होता. तंबूच्या रिंगणामागे एका सपाट दगडावर, आईने ठेवला असेल तसा. त्यात पावसाचं पाणी साठलं होतं आणि कडेला शेवाळ उगवलं होतं, वातीला पुरेल एवढं. कारुलीना त्याच्यासमोर बसली. कितीतरी वेळ तिने त्याला हात लावला नाही. मग बाहीने पुसला, जाकिटातून जॅमची बाटली काढली आणि तिच्यातली चरबी दिव्यात ओतली. ओली वात आधी थुंकली, चिडली, आणि मग कडेने बुटक्या ज्योतींची ओळ चालत गेली.

“तळ हलवायचा राहिला होता,” ती म्हणाली. “आता हलवला.”

पीतारकने टोपी काढली. वर टांगायला काही नव्हतं म्हणून त्याने कॉफीचा रिकामा डबाच पाण्याने भरून ज्योतींवर धरला. पाणी कोमट झालं. तिघांनी ते आळीपाळीने घोटघोट प्यायलं. त्याला जुन्या धुराची चव होती.

निघताना प्रश्न आला, दिवा कुठे ठेवायचा. वजनाला चांगलाच होता. नुकाने आपल्या कायाकमध्ये, बसायच्या जागेमागे, अगदी तळाशी तो कपड्यांत गुंडाळून बसवला. पाण्यात उतरताच तिला फरक कळला. जुने शिकारी रिकामी कायाक नेताना तळाशी दगड ठेवायचे; वजन खाली असलं, की कायाक डगमगत नाही.

“त्या दिवशी दादाची रिकामी होती,” कारुलीना म्हणाली. “दिवा यायचा होता तिच्यात.”

पाणी पुन्हा निपचित पडलं होतं. दोन आभाळं पुन्हा जागेवर. नुकाने वल्हं उचललं आणि मोठ्याने म्हणाली, “येतेय मला. पोटात गार वाटतंय. ओरडा.”

आणि ते ओरडले. पीतारकने वीजघरातल्या यंत्राचे सगळे भाग एकामागून एक पुकारले, नट-बोल्टसकट. कारुलीनाने गावातल्या झाडून सगळ्या माणसांची उणीदुणी काढली, आधी मेलेल्यांची, मग जिवंतांची. मधोमध आल्यावर कायाकचं नाक उचलायला लागलं, तेव्हा नुका स्वतः ओरडली. शब्द नव्हते. नुसताच आवाज, छातीच्या तळापासून. कडे तो झेलत होते आणि परत फेकत होते. एका सीलने दूरवर डोकं वर काढलं, हा काय गोंधळ म्हणून बघितलं, आणि बुडी मारली.

“पळाला,” पीतारक म्हणाला.

“पळू दे,” कारुलीना म्हणाली.

बर्फाच्या भिंतीत एक फट अजून उरली होती. तीतून ओढत, ढकलत, घसरत ते बाहेर पडले. फियॉर्डच्या तोंडाशी तोच टेंभा, त्याच लाटा. पण या खेपेला पीतारकची न्याहारी पोटातच राहिली.

धक्क्यावर एनोक बाकावर होता. आणखी दहा-बारा माणसंही जमली होती. गावात बातमीला पाय लागतात. पीतारकने दिवा उचलून धक्क्यावर ठेवला.  बायका पुढे आल्या आणि त्याच्या कडेला बोटं लावून गेल्या.

“वारा कसा होता?” एनोकने विचारलं.

नुकाच्या तोंडावर नेहमीचं उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं.

“तासियुसाकमध्ये वारा नव्हता,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “मला घेरी आली. तीन वर्षं येतेय. मधोमध बसून राहिले. यांनी ओरडून ओरडून परत आणलं. यापुढे ज्याला माझ्याबरोबर यायचंय, त्याला आधी ओरडायला यायला हवं. निपचित पाण्यावर कोणी गप्प झालं, की बाकीच्यांनी बोंब ठोकायची. माझ्यासाठीही. चालत नसेल त्याने मोटारबोट घ्यावी.”

माणसांनी जमिनीकडे बघितलं. अशा गोष्टी कोणी बोलत नाही. मग हळूहळू ती पांगली. एनोक बसूनच राहिला. त्याचे मासे कापून कापून वाकडे झालेले हात मांडीवर होते.

“काय ओरडलीस ग?” बऱ्याच वेळाने त्याने कारुलीनाला विचारलं.

“सुरी दे म्हणाले. लहानपणी नेली होती माझी.”

“एवढंच?”

“एवढंच.”

एनोकने समुद्राकडे बघितलं. टेंभ्याकडून वारा येत होता, पाणी खडबडीत होतं. त्याने ते बराच वेळ पाहिलं, मग काठी टेकून उठला आणि नुकाच्या अगदी जवळ आला.

“दादा,” तो म्हणाला. आजवर त्याने तिला कधी नात्याने हाक मारली नव्हती. “वारा पडला, की मला बोलवायला ये.”